‘आईला सावली नव्हती’ : अद्भुत कादंबरीची मालिका करताना (प्रकल्प नोंदी, बडोदे)

आम्ही चौघं. मी पटकथा लिहिते, माझा मावसभाऊ दिग्दर्शन करतो. कला आणि वेशभूषा फाइन आर्ट्समधून शिकलेल्या एका बेनकडे आहे, कॅमेरा तिच्या वर्गमित्राकडे. सगळ्यांच्या नोकऱ्या आहेत, म्हणून काम शनिवार-रविवारी आणि रजा टाकून. चौघांच्या बचतीतून जमलेले पैसे ११,००,०००.

कादंबरी ४१२ पानांची, १९७० च्या दशकात बडोद्यातच लिहिलेली. लेखक आता नाहीत. वारसांच्या इच्छेनुसार मालिका पुरी होईपर्यंत नाव छापत नाही. गोष्ट अशी: एका नगरात गरजू माणसं वावेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, तळाशी जाऊन राखणदाराकडे आपली सावली गहाण टाकतात. बदल्यात धान्य मिळतं, औषध मिळतं. पण ज्याची सावली गेली त्याला लोक हळूहळू विसरतात. आधी गल्ली विसरते, मग घर. अकरा वर्षांच्या मुलीच्या तापासाठी तिची आई सावली गहाण टाकते आणि मुलगी ती सोडवायला निघते.

बेत सहा भागांचा होता. वर्षभरात एक भाग झाला, ३१ मिनिटांचा. या नोंदी त्याच भागाच्या. मराठीतल्या अद्भुत कादंबरीला हात घालणाऱ्या कुणाला यातून चार महिने वाचवता आले तर बरं वाटेल.

२१ जानेवारी २०२४

उत्तरायणाच्या पतंगांतून शहर मोकळं झाल्यावर दांडिया बाजारात लेखकांच्या कन्येकडे गेलो. वय ७१. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “राखणदाराला शिंगं-बिंगं लावणार नाही ना?” नाही म्हटलं. ५१,००० रुपये ठरले, स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या, चहा-चिवडा झाला. मला वाटलं हक्कांचं काम संपलं.

१८ फेब्रुवारी

नव्हतं संपलं. ताईंचे धाकटे भाऊ पुण्यात असतात, आणि वडिलांच्या पुस्तकाच्या हक्कात त्यांचाही वाटा आहे. मृत्युपत्र नव्हतं, आणि आम्ही ते विचारलंच नव्हतं. चूक सर्वस्वी आमची. एका वारसाची सही म्हणजे सगळ्या वारसांची सही नव्हे.

वकिलाला १५,००० देऊन करार नव्याने केला. त्यानिमित्त जे समजलं ते लिहून ठेवते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतात, म्हणजे ७० च्या दशकातलं पुस्तक कुणालाही फुकट उचलता येत नाही. हक्क लेखी आणि सहीनेच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं कलम: मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास तो संपतो. आमच्यासारख्या सुट्टीत काम करणाऱ्यांचं एक वर्ष कधी जातं ते कळतही नाही. आम्ही तीन वर्षं लिहून घेतली.

पुण्याच्या दादांनाही ५१,००० दिले. पाच आठवडे गेले.

१० मार्च

पहिली पटकथा फाडली. फाडली म्हणजे खरोखर, कारण ती समोर असेपर्यंत मी तिच्यातच दुरुस्त्या करत बसले असते.

कादंबरीत ३१ प्रकरणं आहेत, भाग सहा. मी पाच-पाच प्रकरणांचा एक भाग केला आणि शेवटच्या भागात सहा घातली. कागदावर हिशेब बरोबर आला. वाचून दाखवल्यावर मात्र दुसऱ्या भागात काहीच घडत नव्हतं, कारण ती पाच प्रकरणं नगराच्या इतिहासाची आहेत. चौथा भाग नुसता प्रवास. पुस्तकात तो प्रवास मला अतिशय आवडतो. रात्री अंथरुणात पडून नव्वद पानं चालत जायला वाचकाला वेळ असतो, आणि वाटेतलं जंगल तो स्वतः उभं करतो. आमच्याकडे त्या जंगलासाठी पैसेही नाहीत आणि मिनिटंही नाहीत.

३० मार्च

नवी पद्धत. प्रकरणं बाजूला ठेवली. बेनच्या घराच्या भिंतीवर कार्डं लावली आणि प्रत्येक कार्डावर एकच प्रश्न: इथे कोण काय गहाण टाकतंय? उत्तर नसेल तर कार्ड खाली. ११८ कार्डांतली ६४ उतरली.

नाव असलेली ४३ पात्रं होती, ती १७ वर आली. दोन आत्यांची एक आत्या केली. गावचा वैद्य आणि सावकार हे एकच पात्र केलं. हे करताना भीती वाटली, पण त्यामुळे औषध देणारा हात आणि गहाणाचा रस्ता दाखवणारा हात एकच झाला, आणि प्रसंगाला धार आली.

एक कार्ड उतरवताना भांडण झालं. शेवटाकडे सावल्यांचं युद्ध आहे, वीस पानांचं. दिग्दर्शकाला ते हवंच होतं. मी त्याला ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पहिल्या सीझनची (२०११) आठवण दिली. पुस्तकात टिरियन या पात्राच्या नजरेतून लढाई सविस्तर येते. मालिकेत त्याला लढाईआधीच डोक्याला मार लागतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. जगातल्या मोठ्या पैशाच्या वाहिनीनेही त्या वेळी खर्चासाठी ही तोड काढली, आणि बघणाऱ्याला लढाईपेक्षा त्या माणसाचा जीव वाचला याचंच वाटलं. दिग्दर्शक गप्प झाला. पटलं की थकला, माहीत नाही. कार्ड उतरलं.

१४ एप्रिल

मुलीच्या मनातलं कसं दाखवायचं? कादंबरीत जवळजवळ प्रत्येक पानावर ती मनाशी बोलते. मी पडद्यामागून निवेदन लिहिलं, मोबाइलवर स्वतःच्या आवाजात वाचलं, आणि सरावाच्या फुटेजवर चढवलं. दोन मिनिटांत कंटाळा आला. आवाज सांगतो ‘बाबा आईला विसरत चालले होते’ आणि चित्रात बाबा नुसते बसलेले.

तीन दिवसांनी उत्तर माझ्या स्वयंपाकघरात सापडलं. ताटं मांडायची. घरात माणसं चार: आजी, बाबा, मुलगी, आई. बाबा ताटं मांडतात ती तीन. मुलगी उठते, चौथं ताट आणते, पाणी ठेवते, आणि कुणी काहीच बोलत नाही. हे पुस्तकात नाही. पण पुस्तकातली चौदा पानं त्या चौथ्या ताटात बसली. प्रत्येक भागात हा प्रसंग एकदा येईल, आणि पाचव्या भागात ताट आणायला मुलगीही उठणार नाही.

त्याच धाग्याने हळदीकुंकू आलं. हळद लावणारी बाई ओळीने येते, आईपर्यंत पोचते आणि तिला ओलांडून पुढच्या बाईच्या कपाळाकडे जाते. मुद्दाम नव्हे, तिला ती दिसतच नाही. हे लिहिताना मला रडू आलं.

५ मे

आता खरी अडचण. कादंबरीत सातव्या पानावर वाक्य आहे: ‘आईला सावली नव्हती.’ तीन शब्द. लेखकाला ते लिहायला शाईसुद्धा लागली नसेल. आम्ही सहा महिने त्या वाक्याशी झगडणार होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पहिला प्रयत्न: सावली पडूच द्यायची नाही. वाड्याच्या चौकावर मांजरपाटाचं वीस बाय वीस फुटांचं छत ताणलं आणि ऊन गाळून घेतलं. उजेड मऊ आला, आईची सावली गेली. आम्ही खूश होतो. संध्याकाळी मोठ्या पडद्यावर बघितलं तर सगळ्यांचीच सावली गेली होती. आजीची, तुळशीवृंदावनाची, कावळ्याची. मग आईची नाही हे कळणार कुणाला? नसणं दिसायचं तर शेजारी असणं दिसलं पाहिजे. इतकी साधी गोष्ट चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. कापड, बांबू, टेम्पो, जेवण धरून ९,००० रुपये गेले.

१९ मे

दुसरा प्रयत्न: चित्रीकरण साधं करायचं आणि सावली नंतर संगणकावर पुसायची. अहमदाबादहून दर आला, फ्रेममागे ८५ रुपये. पहिल्या भागात आई उन्हात दिसते ते एकूण ११२ सेकंद. सेकंदाला २५ फ्रेम धरून २,८०० फ्रेम, म्हणजे २,३८,०००. आमच्या सगळ्या पैशांचा पाचवा हिस्सा एका वाक्यासाठी, आणि अजून पाच भाग बाकी.

४ जून

शहर मतमोजणीला टीव्हीसमोर बसलेलं, आणि आम्ही गच्चीवर काठ्या रोवून.

बडोदे साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून इथे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. शून्य सावलीचा दिवस. घड्याळात बाराला नव्हे, कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि बडोदे ७३.२ वर. इथली मध्यान्ह १२.३५ च्या सुमारास.

१२.३५ ला काठीची सावली काठीच्या पायात शिरली. आम्ही चौघं एकमेकांच्या पायांकडे बघत उभे होतो. वीस मिनिटांनी सव्वापाच फुटी माणसाची सावली जेमतेम वितीएवढी होते, म्हणजे मागे-पुढे धरून पाऊण तासाचा अवकाश मिळतो.

मी आनंदाने म्हटलं, हेच करू. आणि कॅमेरावाला भाई म्हणाला, “पण मांजरपाटात झालं तेच होणार ना? सगळ्यांचीच जाते.”

बरोबर होतं त्याचं. जिना उतरता उतरता मात्र सुचलं की सगळ्यांचीच जाते हीच तर गोष्ट आहे. वर्षातल्या त्या दुपारी कुणालाच सावली नसते, तेव्हा आई घराबाहेर पडेल. बाजारात जाईल, बांगड्यांचा भाव करेल, कुणी तिला वेगळी म्हणणार नाही. मुलगी तिचा हात धरून चालेल. आणि मग पाऊण तास सरतो, लोकांच्या पायांतून सावल्या बाहेर यायला लागतात, एकेक करून. आईच्या पायातून काहीच येत नाही. पहिल्या भागाचा शेवट मिळाला.

१६ जून

ताईंना हा प्रसंग वाचून दाखवला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “छान आहे. पण हे अप्पांचं नाही.” अप्पा म्हणजे त्यांचे वडील, आमचे लेखक.

दिग्दर्शकाने ‘चंद्रकांता’चा दाखला दिला. देवकीनंदन खत्रींची कादंबरी १८८८ ची, दूरदर्शनची मालिका १९९४ ची. मालिकेत मूळ पुस्तकात नसलेलं कितीतरी आहे, आणि तरी आमच्या पिढीला ती पाठ आहे. ताई म्हणाल्या, “म्हणूनच सांगते. लोक तेच पुस्तक समजतात.”

हे मला लागलं, कारण ते खरं आहे. तडजोड अशी ठरली: आम्ही नवीन घालू ते सावली गहाण टाकण्याची किंमत दाखवण्यापुरतंच. नवी जादू नाही, नवे चमत्कार नाहीत, राखणदाराला नव्या शक्ती नाहीत. जो प्रसंग पुस्तकाच्या नियमातून निघत नाही तो गळणार. कराराला ही ओळ जोडली. पुढे सहा महिने वाद झाले की आम्ही तिच्याकडे बोट दाखवत होतो.

९ जुलै

बाजाराचा प्रसंग खऱ्या शून्य सावलीत टिपायचा म्हणून वाड्याच्या गल्लीत बावीस माणसं जमवली. सकाळी आठपासून ढग. १२.३५ ला ढग. सव्वाला बारीक पाऊस. बांगड्यांची दुकानं उचलली, माणसांना जेवायला घातलं. १५,००० गेले, पुढचा मुहूर्त अकरा महिन्यांनी. जूनमध्ये सुचलं तेव्हा जूनमध्येच चित्रीकरण करता येणार नव्हतं, हे मान्य. पण गुजरातेत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यावर आख्खा प्रसंग टाकणं हा निर्णय चुकीचाच होता.

२८ जुलै

वाव. सेवासीच्या वावेत उतरून तासभर बसलो. वरच्या पायऱ्यांवर पांढरा उजेड, मग पिवळट, खालच्या मजल्यावर हिरवट काळोख आणि अंगाला गारवा. संरक्षित वास्तूत चित्रीकरणाला लेखी परवानगी लागते, आणि दिवे, मुलं, पाणी असा आमचा पसारा तिथे नेणं आम्हालाच बरं वाटेना. मकरपुऱ्यात एक शेड घेतली, महिन्याला १८,०००, आणि सात पायऱ्यांचा सेट ठरवला. सातच. खाली जाणं दाखवायला तीच सात पायरी पुन्हा पुन्हा, दर वेळी दिव्याचा रंग आणि भिंतीवरचा ओलावा बदलून. बेनने सेवासीत बसून सहा जलरंग केले होते, प्रत्येक मजल्याचा उजेड वेगळा. पुढे लाइटवाल्या काकांनी त्या चित्रांवरूनच काम केलं.

१ सप्टेंबर

२६ ऑगस्टपासून शहर पाण्यात. विश्वामित्री नदी घुसली, रस्त्यांवर मगरी फिरल्या, वीज नाही. बेनचं घर तळमजल्याचं. ती आणि तिची आई शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर सुखरूप राहिल्या, बाकी सगळं दुय्यम.

तरी नोंद म्हणून: ४६,००० चे कपडे पाण्यात. लुगड्यांचे रंग एकमेकांत उतरले. भिंतीवरची खालच्या दोन रांगांमधली कार्डं लगदा झाली. सेटचं प्लायवूड शेडमध्ये उंचावर होतं, ते वाचलं. कार्डांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते, म्हणून पटकथा वाचली. प्रत्येक बदलानंतर भिंतीचा फोटो काढा, हे कळकळीने सांगते.

पंधरा दिवस कुणी मालिकेचा विषय काढला नाही. सगळे एकमेकांची घरं धूत होतो.

२२ सप्टेंबर

कपडे पुन्हा करायला ३८,०००. यातून एक गोष्ट मिळाली. आईचं निळं लुगडं चिखलाच्या पाण्याने जागोजागी उडालं होतं, कुठे रंग आहे, कुठे नाही. बेन म्हणाली, हेच ठेवू. विसरल्या जाणाऱ्या बाईचं लुगडं असंच दिसेल. नवं शिवलेलं बाजूला राहिलं.

२९ सप्टेंबर

पहिलं सामूहिक वाचन, आणि भाषेचा गोंधळ. कादंबरीत लेखकांनी शब्द घडवले आहेत: छायाऋण, निश्छाय, तळदेवडी. वाचताना ते फार सुंदर लागतात, आणि नाही कळला तर वाचक पान मागे उलटतो. ऐकणारा उलटू शकत नाही. ‘निश्छाय’ हा शब्द खोलीतल्या नऊपैकी सहा जणांना ‘निश्चय’ ऐकू आला.

म्हणून ठरवलं की नगरातली माणसं घरचं बोलतील. गहाण, बिनसावलीची, खालचं दार. पुस्तकी भाषा फक्त राखणदाराच्या तोंडी. तो तीनशे वर्षं खाली बसलेला आहे, त्याची भाषा जुनीच असणार. ‘निश्छाय’ तो पहिल्या भागात एकदाच उच्चारतो, आणि मुलगी विचारते, “म्हणजे?” ताईंना हे मनापासून आवडलं.

आमची छोटी (मुलीचं काम करणारी) वाचताना एकदा “मला फावेल” म्हणून गेली. बडोद्याच्या घराघरांतला शब्द. पटकथेत ‘जमेल’ होतं. खोडून ‘फावेल’ केलं.

६ ऑक्टोबर

लहान मुलीला घेऊन काम करणाऱ्यांनी हे आधी वाचा. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. तिच्या मानधनातला किमान २० टक्के भाग तिच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. मी दिवसाचे दहा तास धरून आराखडा केला होता, तो चार दिवसांचा सहा दिवसांवर गेला. कायदा योग्य आहे, चूक माझ्या आराखड्याची. मुलगी जवळजवळ प्रत्येक प्रसंगात असलेली कादंबरी निवडताना हा हिशेब पहिल्या आठवड्यात करायला हवा होता.

नवरात्र असल्यामुळे १२ तारखेपर्यंत काम बंद. रात्री गरब्याचा आवाज शेडपर्यंत येतो, आणि अर्धा चमू तिथेच असतो.

१० ते १७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर सहा दिवस चित्रीकरण, मध्ये दोन दिवस शाळेसाठी सुट्टी. कॅमेरा, दिवे, ध्वनी मिळून दिवसाला ३२,०००.

सावलीचा प्रश्न अखेर तीन तुकड्यांत सोडवला.

पहिला तुकडा माणसांचा. नगरातले लोक कुणालाही भेटले की आधी जमिनीकडे बघतात, मग तोंडाकडे. दुकानदार, आत्या, वैद्य, सगळे. पहिल्या पाच मिनिटांत हे तीनदा दाखवलं. त्यानंतर आई चौकटीत नुसती कमरेपासून वर आहे, दुकानदाराची नजर खाली जाते, तिथेच थांबते, आणि तो भाव सांगायचा विसरतो. जमीन दाखवावीच लागत नाही. सहा महिने आम्ही जमिनीवर काहीतरी करत होतो. ते करायचं होतं बघणाऱ्याच्या डोळ्यांत.

दुसरा तुकडा साध्या युक्तीचा. कॅमेरा तिवईवर घट्ट. आई उभी राहते, टिपलं. आई बाजूला होते, तीच रिकामी जमीन लगेच टिपली. मग तिच्या सावलीच्या जागी रिकाम्या जमिनीचा तुकडा बसवायचा. पहिल्या दिवशी मातीवर केलं आणि फसलं, कारण आईला बाजूला व्हायला मदत करणाऱ्याच्या पावलांनी माती विस्कटली. दुसऱ्या दिवशी फरशीवर केलं, दोन्ही चित्रांत दोन मिनिटांपेक्षा कमी अंतर ठेवलं, नाहीतर भिंतीची सावली सरकते. असे आठ शॉट आमच्या संकलकानेच बसवले.

तिसरा तुकडा चालत्या शॉटचा. तीनच ठेवले, १९ सेकंद, ४७५ फ्रेम, ४०,३७५ रुपये. दोन लाख अडतीस हजारांवरून इथे आलो.

बाजाराचा शेवट शेडमध्ये केला. नोव्हेंबरात भर दुपारीही सूर्य तिरपा असतो, बाहेर शक्यच नव्हतं. काकांनी छताला, वीस फुटांवर, एकच मोठा दिवा लावला. बरोबर त्याच्या खाली उभं राहिलं की सावली पायात, दोन पावलं बाजूला गेलं की लगेच बाहेर. म्हणून चौकटी अगदी आवळून घेतल्या: बांगड्या, हात, दोन चेहरे. पाऊण तास सरल्याचं दाखवायला काकांनी दिवा दोरीने इंचाइंचाने सरकवला. पाच वेळा केलं. चौथ्यांदा सगळ्या पायांतून सावल्या एकदम बाहेर आल्या आणि शेडमधलं कुणीही बोललं नाही.

आईची सुटी झालेली सावली वावेत मुलीला दिसते, त्या प्रसंगात छोटीला बघायला काही नव्हतं, तिची नजर भिरभिरत होती. ‘हिज डार्क मटेरियल्स’ या मालिकेत प्राण्यांच्या जागी बाहुल्या घेऊन माणसं उभी करत, म्हणजे नटाला खऱ्या गोष्टीकडे बघता येई. आम्ही काठीला आईचंच निळं लुगडं बांधलं आणि बेन ते घेऊन पायऱ्यांवर बसली. छोटी पहिल्याच टेकला नीट बोलली. “घरी चल ना.”

मधल्या सुट्टीत छोटीचा एक दात पडला. सेटवरच्या शेवटच्या तीन प्रसंगांत तो नाही. वरच्या घरच्या प्रसंगांत आहे. वावेत उतरताना पडला असं मानून एक ओळ घातली.

२२ डिसेंबर

पहिलं संकलन ४४ मिनिटं. नगराचा इतिहास मी हट्टाने चार मिनिटं ठेवला होता, जुन्या पोथीसारख्या चित्रांवर. चित्रं बेनने तीन आठवडे खपून केली होती. काढली. तिने स्वतःच काढायला सांगितली. ३१ मिनिटांवर आलो.

५ जानेवारी २०२५

ताईंना आणि पुण्याहून आलेल्या दादांना दाखवलं. हळदीकुंकवाच्या प्रसंगात ताईंनी चष्मा काढला. संपल्यावर दादांनी विचारलं, युद्ध नाही का येणार? दिग्दर्शकाने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, ते स्पष्ट दिसलं, आणि मला त्यावर काही बोलता आलं नाही. ते वडिलांच्या त्या वीस पानांवर लहानपणी खेळले होते.

ताईंची एक दुरुस्ती. आई सावली गहाण टाकून घरी येते तेव्हा आम्ही तिला रडताना दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, “अप्पांची आई रडत नाही. ती आधी पोरीच्या कपाळाला हात लावून ताप बघते.” पुस्तक उघडलं. ३९ वं पान, तसंच आहे. मी ते पान निदान वीस वेळा वाचलं होतं.

१२ जानेवारी

वाड्याच्या खोलीत अर्ध्या दिवसात तो एक शॉट पुन्हा घेतला. हात, कपाळ, ताप उतरलेला. सहा सेकंद.

खर्च मांडला. हक्क आणि वकील १,१७,०००. सेट १,७२,०००, शेड चार महिने ७२,०००. कपडे दोन वेळचे ८४,०००. चित्रीकरणाची सामग्री १,९२,०००. मानधन १,६५,०००, जेवण-प्रवास ५८,०००. संकलन, ध्वनी, रंग १,१०,०००, सावली पुसणं ४०,३७५. फसलेल्या चाचण्या २४,०००. एकूण १०,३४,३७५. आजचा शॉट उसन्या कॅमेऱ्यावर झाला. उरले ६५,६२५.

परवा उत्तरायण. दुपारी दोन ते चार गच्च्यांवर पतंगांच्या सावल्या पळतात, त्या दुसऱ्या भागासाठी टिपून ठेवायच्या आहेत. दिग्दर्शकाची गच्ची ठरली आहे, कॅमेरा भाई आणणार. बेन निळं लुगडं घेऊन येते आहे.